ठासणीची बंदूक सुट्या भागांतून जोडताना साइट्स (नेम धरायच्या खुणा) आणि बाकीचं फिटिंग एका रेषेत कसं आणायचं?

लँकेस्टरकर

नमस्कार मंडळी. इथे सुतारकामावर, घड्याळदुरुस्तीवर, जुन्या सायकलींवर धागे आहेत म्हणून हाही इथेच काढतोय. मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत राहतो. इथे राहून लाँगरायफलचं वेड लागणं अगदी साहजिक आहे, १८व्या शतकात जर्मन कारागीर त्यांची आखूड, जाड येगर रायफल घेऊन या भागात आले आणि तिचीच पुढे लांब सडपातळ नळीची अमेरिकन रायफल झाली. जेकब डिकर्टसारख्या लोकांची कार्यशाळा लँकेस्टर शहरातच होती.

तर मी सध्या .५० कॅलिबरची चकमकीची लाँगरायफल जोडतोय. तयार किट नाही, सुटे भाग. ४२ इंची अष्टकोनी स्वॅम्प्ड नळी (म्हणजे ब्रीचला, मागच्या बंद टोकाला, जाड, मधे बारीक, तोंडाशी पुन्हा जराशी फुगलेली), मेपलचा अर्धवट कोरलेला दस्ता, लॉक (ठिणगी पाडणारी यंत्रणा) वेगळं, चाप वेगळा, पितळी सामान वेगळं. नळी दस्त्यात बसलीये, टँगचा (नळीच्या मागच्या शेपटीचा) स्क्रू झालाय, लॉक बसलंय. नळीवर साइट्ससाठी एकही खाच नाहीये, सगळ्या मलाच कापायच्यात. प्रश्न असे:

वरच्या सपाट बाजूचा मध्य नेमका कसा काढायचा, आणि तो नळीच्या भोकाच्या मध्यावरच असेल याचा भरवसा किती? मागची साइट ब्रीचपासून किती पुढे? पुढची माशी (तोंडाजवळची साइट) किती उंच ठेवायची? आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट, कुंद्याची मागची पट्टी ओळंब्यात उभी धरली की नळीची वरची बाजू पाणसळीत राहत नाही, उजवीकडे किंचित कलते. दीडदोन अंश असेल. हे आधी सुधारू का साइट्स त्या हिशोबाने लावू?

एडिसनवासी

पहिला प्रश्न कायद्याचा. हे घरी जोडणं चालतं का?

लँकेस्टरकर

चालतं. १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि तोड्याच्या, चकमकीच्या किंवा टोपीच्या जुन्या पद्धतीच्या प्रतिकृती अँटिक धरतात. हे फेडरल झालं, राज्यांचं वेगळं असतं.

एडिसनवासी

बरोबर, म्हणूनच विचारलं. आमच्या न्यू जर्सीत ठासणीची रायफल घ्यायलाही फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, नदी ओलांडली की नियम बदलतो. आणि भारतात बसून वाचणाऱ्यांनी तर हे करायला जाऊच नका, १९५९चा शस्त्र कायदा आहे, परवान्याशिवाय बनवणं सोडा, दुरुस्त करणं पण गुन्हा आहे.

मालवणी_माणूस

+१. आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या ठासणीच्या बंदुका बऱ्याच घरांत आहेत आणि निवडणूक लागली की त्या पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात, दरवेळी त्याची बातमी येते. आमच्या आजोबांकडे होती. तिला मागची साइट नव्हतीच, पुढे एक पितळेचा दाणा. त्यालाच माशी म्हणायचे. आजोबा सांगायचे माशी दिसली आणि नळी दिसली नाही तर नेम बरोबर, नळी दिसायला लागली की गोळी वर. मला ते तेव्हा कळलं नव्हतं पण आता वाटतं की मागची साइट नसल्यावर डोळा हीच मागची साइट.

ठोकापीटी

लँकेस्टरकर, चांगलं काम हातात घेतलंयस. मी मिशिगनमध्ये टूल अँड डाय शॉपमध्ये आहे आणि रायफली जोडणं हा शनिवार-रविवारचा उद्योग. सविस्तर लिहितो, कारण साइट्सचा प्रश्न विचारणारे बहुतेक जण साइट्सपासून सुरुवात करतात आणि तिथेच गडबड होते. साइट ही साखळीतली शेवटची कडी आहे. नळी, ब्रीच, कान, लॉक, चाप, कुंदा हे सगळं ठरलं की मग साइट.

आधी शून्य कुठे ते ठरव. तुझं शून्य म्हणजे नळीची वरची सपाट बाजू. कुंद्याची पट्टी नाही, लॉक नाही, दस्त्याची कड तर अजिबातच नाही. दस्ता व्हाइसमध्ये धर (जबड्यांना चामडं लाव), ब्रीचजवळ वरच्या बाजूवर छोटी पाणसळ आडवी ठेव आणि सरळ कर. मग तीच पाणसळ तोंडाशी ने. दोन्हीकडे बुडबुडा मधे आला तर नळीला पीळ नाही. आता मागे ओळंबा सोड आणि पट्टी किती फिरलीये बघ. तू उलटं करतोयस, पट्टी सरळ धरून नळी वाकडी म्हणतोयस. नळी हलवू नकोस. ती आणि टँग एकदा बसले की त्यांना हात लावायचा नाही, पट्टीच नळीच्या हिशोबाने फिरव. पितळी पट्टीखाली अजून लाकूड शिल्लक असेल तर काजळी लावून पुन्हा बसव, एका बाजूने थोडं लाकूड पटाशीने काढलंस की दोन अंश सहज निघतात.

मध्य काढायला पट्टीने मोजायच्या भानगडीत पडू नकोस. वरच्या बाजूला निळी मार्किंग शाई लाव, व्हर्नियर अर्ध्यापेक्षा जरा जास्त उघड आणि एका कडेला टेकवून बारीक ओरखडा काढ, मग दुसऱ्या कडेने. दोन ओरखड्यांच्या बरोब्बर मधे मध्य. स्वॅम्प्ड नळीची रुंदी जागोजागी बदलते म्हणून हे जिथे साइट बसणार तिथेच करायचं.

तो मध्य भोकावर आहे का? तोंडाशी चारही बाजूंनी जाडी मोज. डावी-उजवी जाडी सारखी असेल तर उत्तम. फरक असेल तर घाबरू नकोस, खाच मध्यावरच काप, बाकीचं साइट सरकवून निघतं. नळी बसवायच्या आधी कळलं असतं तर ती फिरवून फरक वरखाली घेता आला असता, वरखालीचं माशी घासून जातं आणि डोळ्याला टोचत नाही.

वाचक_फक्त

पाककृती विभागातून "काजळी", "पितळ", "खाच" असे शब्द दिसले म्हणून भरताचं काहीतरी असेल असं समजून आत आले. आता शेवटपर्यंत वाचणारे. काजळी लाकडाला कशासाठी लावतात ते कोणी सांगेल का?

ठोकापीटी

लाकडाला नाही ताई, धातूला लावायची. दिव्यावर धरून पितळी पट्टी काळी केली, लाकडावर दाबली आणि उचलली की जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काळी करायची, पुन्हा दाबायची. डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत. जुने कारागीर हेच करायचे, आता बाटलीतला काळा रंगही मिळतो पण हात दोन्हीने सारखेच काळे होतात.

रंजक

धागा बघून राहवलं नाही. मी व्हर्जिनियात असतो, चकमकीच्या बंदुकाच चालवतो. ठोकापीटींचं बरंचसं पटलं पण एक गोष्ट घाईत राहून गेली, ती म्हणजे कान, नळीत आग नेणारं बाजूचं भोक. लँकेस्टरकर, लॉक बसलंय म्हणतोस, पण कान पाडलायस का? नसशील तर साइट्सचा विचार दोन दिवस बाजूला ठेव.

चकमकीच्या बंदुकीत सगळ्यात महत्त्वाची रेषा नेमाची नाही, कानाची. पॅनची (रंजक, म्हणजे पेटवायची दारू, ठेवायच्या वाटीची) वरची कड म्हणजे क्षितिज समज आणि कान म्हणजे मावळतीचा सूर्य, अर्धा वर अर्धा खाली. पुढेमागे बघितलं तर पॅनच्या मध्यावर, आणि आतून ब्रीच प्लगच्या (नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या बुचाच्या) तोंडाच्या नुसता पुढे. प्लगमध्ये शिरला तर वाट अडते. कान खाली गेला तर रंजकात बुडतो, मग ज्वाला थेट आत जाण्याऐवजी रंजक वातीसारखं जळत आत जातं आणि चाप ओढल्यावर जो उशीर होतो त्यात तुझे हात हलतात. असा उशीर असलेल्या बंदुकीवर साइट कितीही अचूक बसव, गोळ्या पसरणार आणि तू दोष माशीला देत बसणार. साधारण १/१६ इंचाचं भोक पुरतं, मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

आणि पट्टीच्या दोन अंशांबद्दल. मला वाटतं ठोकापीटी त्याला उगीच लाकूड काढायला लावतायत. खांदा काही ओळंब्यात नसतो.

ठोकापीटी

कानाबद्दल शंभर टक्के मान्य, ते मी लिहायला हवं होतंच. पट्टीबद्दल नाही. बंदूक खांद्याला लावली की पट्टी खांद्यात आपोआप बसते आणि नळी तिरकी होते, मग माणूस दरवेळी मनगटाने ती सरळ करत बसतो. कधी जास्त कधी कमी.

प्राजक्त

हिशोब करून बघू या ना, नुसतं वाद घालण्यापेक्षा. गोळी नळीच्या रेषेखाली १०० यार्डांवर १० इंच पडते असं धरा (गोल गोळी वेग लवकर गमावते, त्यामुळे हा आकडा अगदी अशक्य नाही). बंदूक २ अंश कलली तर गोळी बाजूला जाते १० × साइन २ अंश, म्हणजे ०.३५ इंच. ५० यार्डांवर तर ड्रॉपच कमी म्हणून आणखी कमी. म्हणजे आकड्यात रंजक यांचं बरोबर आहे. पण ठोकापीटी म्हणतात तो मुद्दा वेगळा आहे, दरवेळी वेगवेगळी कललेली धरली तर तो फरक कायमचा नसतो, आणि कायमचा नसलेला फरक साइट सरकवून जात नाही.

मी ओहायोत एका क्लबात नेमबाजी करते. सांगायचं म्हणजे आमच्याकडे चांगले चांगले लोक नळी आणि पट्टी जुळवतातच. आकड्यासाठी नाही, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि डोळे उघडले की माशी खाचेत दिसली पाहिजे म्हणून.

रंजक

साइन काढून दाखवणारे लोक या धाग्यावर येतील असं वाटलं नव्हतं, मजा आली. ठीक, पट्टी फिरवा. पटलं.

चाळीशीपार

मागच्या साइटची जागा कोणी बोललंच नाही. वय काय आहे तुमचं लँकेस्टरकर? हा टोमणा नाही, खरंच महत्त्वाचं आहे. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, ब्रीचपासून ६ इंचांवर साइट असली तर खाचेचं नुसतं ढगासारखं काहीतरी दिसतं. ९-१० इंच पुढे नेली तर बरीच सुधारणा होते. जुन्या लाँगरायफली बघा, मागची साइट चांगलीच पुढे असते, त्यांनाही चष्मे कुठे होते सगळ्यांना.

खाच कापायच्या आधी साइट दुहेरी टेपने नुसती चिकटवा आणि बाहेर उन्हात जाऊन खांद्याला लावून बघा. घरातल्या दिव्यात नको. रिकामी बंदूक, चकमक काढलेली, गज (ठासायची लांब काठी) आत टाकून रिकामी असल्याची खात्री केलेली. पुढेमागे सरकवत राहा, जिथे खाचेच्या कडा पहिल्यांदा स्वच्छ दिसतात तिथे पेन्सिलने खूण करा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोळ्यांनी परत बघा. मगच कानस हातात घ्या.

लँकेस्टरकर

वय ४७. म्हणजे तुमचाच सल्ला मला लागू. कान अजून पाडलेला नाहीये, तर रंजक यांच्या म्हणण्याप्रमाणे आधी तेच. खाच कशी कापायची त्याबद्दल पण लिहा ना कोणीतरी, मिलिंग मशीन नाहीये माझ्याकडे, हॅकसॉ आणि कानशी आहेत.

ठोकापीटी

हॅकसॉ आणि कानशी पुरतात, २०० वर्षांपूर्वी दुसरं काय होतं.

आधी जाडी. .५० ची नळी जिथे ७/८ इंच आहे तिथे (०.८७५ वजा ०.५०० भागिले २) भिंत साधारण ०.१८७ उरते. खाच ६० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) खोल घेतलीस तर खाली १२५ थाऊच्या वर शिल्लक. हे चालतं. पण तुझी नळी कमरेत पाऊण इंचावर येत असेल तर भिंत १२५ थाऊच आहे, त्यातले ६० काढलेस तर उरतात ६५, तिथे मी खाच घालणार नाही. मोजल्याशिवाय एकही ओरखडा नको. आणि बरोब्बर खाली नळीच्या पोटाला दस्त्याच्या पिनसाठी लगची (पिन अडकवायच्या कडीची) खाच आहे का तेही बघ, वर आणि खाली एकाच जागी खाचा येऊ द्यायच्या नाहीत.

खाचेच्या वरच्या रुंदीपेक्षा आत राहून दोन रेघा, हॅकसॉने हव्या त्या खोलीच्या जरा अलीकडे थांबायचं, मधे आणखी काप घेऊन सगळं भुसभुशीत करायचं आणि सपाट कानशीने तळ सरळ करायचा. मग तिकोनी कानस, पण तिची एक बाजू ग्राइंडरवर घासून गुळगुळीत करून घ्यायची, म्हणजे ती तळाला लागली तरी तळ खात नाही, फक्त तिरकी भिंत खाते. ही कानस तयार नसेल तर सुरूच करू नकोस, कारण नाहीतर खाच रुंद होताना खोलही होत जाते.

रिवाज असा आहे की नेम धरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर साइट उजवीकडून आत ठोकायची आणि डावीकडून ठोकून बाहेर काढायची. तेव्हा उजवी बाजू केसभर मोकळी ठेव. बोटाने साइट अर्ध्यापर्यंत गेली पाहिजे आणि उरलेली पितळी पंच आणि छोट्या हातोडीने. लोखंडी पंच नको. सैल झाली तर खाचेच्या तळाला पंचने दोनचार ठिपके मारून तो उचलून घेता येतो.

इतिहासवेडा

थोडं विषयांतर. मालवणी माणसाने मागची साइट नसलेल्या बंदुकीचं लिहिलं म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतली ब्राउन बेस मस्केट पण तशीच. तिच्या तोंडाशी वर जो चौकोनी ठोकळा असतो तो खरं तर संगीन अडकवायचा, पण तोच माशीचं काम करायचा, आणि मागे काहीच नाही. कारण ती रांगेने एकदम झाडायची बंदूक, एकेकाने नेम धरायची नाही. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी द बॉयन या त्यांच्या युरोपियन सेनापतीच्या काळात आग्र्याला जो कारखाना होता, सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस चालवायचा, तिथेही बंदुका युरोपियन मस्केटच्याच नमुन्यावर होत्या.

उलट आपली जुनी तोड्याची बंदूक बघा. तिला ब्रीचजवळ मागे उंचवट्यासारखी साइट असते आणि तोंडाशी माशी, काहींच्या तोंडाला वाघाचं तोंड घडवलेलं असतं. नळी दस्त्याला पिनने नाही, तारेने किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली. पुण्यात केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं आहेत, कधी गेलात तर नळीच्या मागच्या टोकाकडे खाली वाकून बघा. लोक नक्षी बघतात आणि पुढे जातात.

मालवणी_माणूस

अरे वा, म्हणजे दोन्ही परंपरा होत्या तर. आता पुण्याला गेलो की बघणार. आजोबांच्या बंदुकीला पण नळी तांब्याच्या पट्टीने बांधलेली होती, लहानपणी मला वाटायचं मोडली म्हणून बांधलीये.

रंजक

इतिहासवेडा, हे विषयांतर नाहीच. बांधलेल्या नळीचा एक फायदा असा की लाकूड फुगलं-आटलं तरी नळीवर ताण येत नाही. लाँगरायफलमध्ये नळी पिनांनी दस्त्याला धरलेली असते आणि ४२ इंचांचं मेपल उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात एक. म्हणून नळीखालच्या लगांमधली भोकं गोल ठेवायची नाहीत, लांबीच्या दिशेने लांबट करायची. सगळ्या पिना घट्ट गोल भोकात अडकवल्या की दस्ता नळीला ओढायला लागतो आणि पावसाळी हवेत गोळीची जागा बदलते. लँकेस्टरकर, साइट्स लावायच्या आधी हे झालंय का बघ, नाहीतर जुलैत साइट लावशील आणि डिसेंबरात परत हातोडी घ्यावी लागेल.

प्राजक्त

आणि पेनसिल्व्हेनियात तर डिसेंबरातच लागणार ना बंदूक! ख्रिसमसनंतरचा फक्त चकमकीच्या बंदुकांचा शिकारीचा हंगाम तुमच्याकडे १९७४ पासून आहे.

लँकेस्टरकर

हो, त्यासाठीच तर सगळं चाललंय :) लगांची भोकं गोल आहेत, आजच लांबट करतो.

गॅजेटगुरू

एवढं सगळं कशाला? लेझर बोअरसाइटर मिळतो, तोंडात घालायचा, भिंतीवर ठिपका, साइट्स त्यावर आणायच्या. दहा मिनिटांचं काम.

ठोकापीटी

भावा, लेझरने फार तर कागदावर गोळी येईल. त्याने नळी कुठे बघते ते कळतं, गोळी बाहेर पडते तेव्हा नळी कुठे बघत असते ते नाही. दारू पेटल्यापासून गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत बंदूक मागे सरकते आणि तोंड वर उचलतं. शिवाय लेझरचं टोक भोकात जरा तिरकं बसलं तरी संपलं. त्यापेक्षा दोरा बरा, टँगच्या स्क्रूच्या मध्यापासून तोंडाच्या मध्यापर्यंत ताणून बांध आणि वरून बघ, दोन्ही साइट्स त्याखाली आल्या की सुरुवात झाली. बाकी २५ यार्डांवर कागद सांगेल.

गॅजेटगुरू

ओके, उचलण्याचा मुद्दा डोक्यात नव्हता. दोरा फुकट पण आहे.

प्राजक्त

माशीच्या उंचीचं मी लिहिते कारण पुन्हा आकडे आहेत :) सूत्र सोपं आहे. दोन साइट्समधलं अंतर × गोळी जितकी चुकली ते ÷ लक्ष्याचं अंतर, सगळं इंचांत.

तुमची नळी ४२, मागची साइट ब्रीचपासून ९.५ इंचांवर आणि माशी तोंडापासून १.५ इंच मागे धरली तर मधलं अंतर ३१ इंच. ५० यार्ड म्हणजे १८०० इंच. गोळी ६ इंच खाली लागली तर ३१ × ६ ÷ १८०० = ०.१०३, म्हणजे माशी जवळजवळ १०० थाऊ घासायची. आडव्या दिशेचंही तसंच, साइट १० थाऊ सरकवली की ५० यार्डांवर अर्ध्या इंचाहून थोडा जास्त फरक. बारीकशी ठोक किती करते ते यावरून लक्षात येईल.

माशी मुद्दाम उंच ठेवा. उंच माशीने गोळी खाली लागते आणि घासत गेलं की वर येते. घासलेलं परत येत नाही, म्हणून सुरुवातीला खालीच लागली पाहिजे. स्वॅम्प्ड नळीत वरच्या बाजूवरून उंचीचा हिशोब करत बसू नका, ती बाजू भोकाला समांतर नसते.

आणि दिशा: मागची साइट जिकडे गोळी न्यायची तिकडे सरकवा, माशी त्याच्या उलट.

चाळीशीपार

प्राजक्तताई, हे छापून गॅरेजमध्ये लावतोय. एक भर. चांदीची माशी उन्हात चमकते आणि ऊन बाजूने असलं की उजळलेली कडच मध्य वाटते, मग गोळी सावलीच्या बाजूला जाते. साइट लावायच्या दिवशी माशी काजळीने काळी करा, नाहीतर सकाळी एक आणि दुपारी एक असं होईल.

वाचक_फक्त

काजळी परत आली! ऐकून ऐकून मलाही करावंसं वाटायला लागलंय, निदान ते डाग बघून लाकूड खरवडण्याचं काम तरी.

ठोकापीटी

करा की. हीच युक्ती दाराच्या बिजागरीला, पेटीच्या कुलपाला, कशालाही चालते. बंदूकच पाहिजे असं नाही.

रंजक

आणखी एक, चापाबद्दल. चाप सिअरच्या (घोडा अडवून धरणाऱ्या खिटीच्या) दांडीवर नेमका कुठे लागतो ते बघ. चापाची खीळ जितकी उंच आणि दांडीच्या जवळ तितकी ओढ हलकी. जड चापाने माणूस बंदूक उजवीकडे खेचतो आणि मग साइट डावीकडे सरकवत बसतो. टँगचा स्क्रू खाली चापाच्या पट्टीत जातो, तो कसल्यावर चाप अडकत नाही ना तेही बघ. आणि लॉकचा पुढचा बोल्ट नळी आणि गजाचं भोक यांच्या मधून जातो, तिथे जागा किती कमी असते ते पाडल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. गज आत घालून बोल्टला लागतोय का?

लँकेस्टरकर

गज मोकळा जातोय, तपासलं. चाप स्क्रू कसला की किंचित जड होतो, तिथे लाकूड काढावं लागणार.

लँकेस्टरकर

मंडळी, मधे बराच वेळ गेला, आता सांगण्यासारखं झालंय म्हणून धागा वर आणतोय.

क्रम तुम्ही सांगितला तसाच ठेवला. आधी लगांची भोकं लांबट केली. मग कान पाडला, पॅनच्या कडेवर अर्धा, आणि इथल्या क्लबातल्या एका जुन्या कारागिराने ब्रीच, प्लग, लॉक सगळं तपासून दिलं. पट्टी काजळी लावून फिरवली, आता ओळंबा आणि पाणसळ एकमेकांशी भांडत नाहीत. बंदूक डोळे मिटून खांद्याला लावली की माशी खाचेतच दिसते, हा फरक इतका असेल असं वाटलं नव्हतं.

मागची साइट टेपवर फिरवून बघता बघता १० इंचांवर आली. चाळीशीपार, तुमच्यामुळे. माशी दीड इंच मागे. म्हणजे मधलं अंतर ३०.५. खाचा हाताने कापल्या, गुळगुळीत बाजूची कानस नसती तर जमलं नसतं.

रेंजवर पहिल्यांदा २५ यार्ड, बंदूक टेकवून. गोळ्या एकमेकींजवळ, खाली आणि थोड्या डावीकडे. मग ५० वर. माशी घासत घासत आता काळ्या वर्तुळात आलीये, पण अजून साधारण दीड इंच खाली आणि दोन इंच डावीकडे लागते. दोन प्रश्न उरलेत. डावीकडचं मागच्या साइटने घालवू की माशीने? आणि खालचं आत्ताच पूर्ण घासू का?

प्राजक्त

अभिनंदन!! गोळ्या जवळजवळ लागतायत हीच खरी बातमी आहे, बाकीचं कानशीचं काम.

२ इंच डावीकडे म्हणजे ३०.५ × २ ÷ १८०० = साधारण ३४ थाऊ. मागची साइट उजवीकडे ३४ थाऊ.

ठोकापीटी

मस्त झालंय. मी ते ३४ दोघांत वाटेन, मागची १७ उजवीकडे आणि माशी १७ डावीकडे. गोळीला फरक पडत नाही, पण एकच साइट नळीच्या मध्यावरून सरकलेली दिसली की नेम धरताना डोळा तिकडेच अडकतो. सरकवायच्या आधी दोन्हीकडे साइट आणि नळी यांच्यावरून एक सलग बारीक रेघ ओढ, म्हणजे किती सरकली ते व्हर्नियरने मोजता येईल.

रंजक

खालचं आत्ता पूर्ण घासू नकोस. तू बंदूक टेकवून झाडतोयस, हातात धरून उभ्याने झाडलीस की गोळीची जागा वेगळी येऊ शकते. शिवाय हंगाम थंडीत. आधी आडवं नीट कर, मग उभ्याने आणि बसून झाडून बघ, नळी पुसून झाडलेली पहिली गोळी कुठे जाते ते वेगळं लिहून ठेव कारण जंगलात तीच महत्त्वाची. त्यानंतर दोनतीन घासण्यांत उरलेलं काढ. माशीच्या मागच्या तोंडाला जरा आत कललेला कोन दे म्हणजे उजेड परतत नाही.

लँकेस्टरकर

वाटून सरकवतो. हे आवडलं. उभ्याने झाडून आकडे इथेच टाकतो, तोपर्यंत माशीला कानस लावत नाही.

मालवणी_माणूस

फोटो टाका ओ, नळीचे मागून घेतलेले पाहिजेत, नक्षीचे नंतर.